दिव्यानीचा पेपर

राजदीप सरांनी फटफटी बंद केली नाही. एक पाय खाली टेकवून त्यांनी अंगणाबाहेरूनच हाक मारली. रीता नुकतीच जंगलातून आली होती आणि वेचून आणलेला मोह अंगणात पसरत होती. ती उठली, पदर खोचला आणि भांडायला तयार झाली.

भांडण ठरलेलंच होतं. आज पाचवीची वार्षिक परीक्षा होती, आणि आता नव्या नियमाने नापास झालेलं पोर पुन्हा पाचवीतच बसणार होतं. पाच वर्गांना एक मास्तर, तोही अर्धं वर्ष ट्रेनिंगला नाहीतर सर्व्हेला, मग पोरांना कोणत्या तोंडाने नापास करता, असा पालकांचा सवाल होता. नऊच्या नऊ पालकांनी अर्ज दिला होता की आमची मुलं परीक्षेला बसणार नाहीत. पहिली सही रीताची. तिला दुसरीही एक भीती होती. दिव्यानी नापास झाली की शाळा बंद, असं नवऱ्याने सांगून ठेवलं होतं.

"सर, तुमी कितीबी सांगा, माही दिव्यानी पेपरले बसनार नाई."

"बरोबर आहे बाई तुमचं," सर म्हणाले. "नका पाठवू."

रीताची पंचाईत झाली. दोन दिवस मनात जुळवून ठेवलेली वाक्यं तशीच राहिली. सर इतक्या लवकर ऐकतील असं तिला वाटलंच नव्हतं. तिला आनंद झाला आणि तो लपवता येईना.

"च्या मांडू का मंग?"

"नको, उशीर होईल. साडेसातला पेपर सुरू करायचा आहे."

"कोनाचा पेपर?"

सरांनी उत्तर द्यायच्या आत रस्त्याने सुनिलची हर्षा गेली. धुतलेला गणवेश, दोन वेण्या, हातात पॅड. तिच्यामागे आणखी दोघं. अर्जावर दुसरी सही सुनिलची होती.

"सुनिलभाऊ तं आपल्या संग होते," रीता म्हणाली.

"त्यांना काल समजावलं मी. पोरगी हुशार आहे, तिचं नुकसान कशाला? असे सहा जण पेपरला बसून राह्यले आज."

"आनि बाकीचे तिघं?"

"दिव्यानी, मुखरूचा अजय आणि बुधरीची पोरगी. ते घरीच राहतील. तुमच्या मनासारखंच झालं ना?"

"मले काऊन नाई आले काल समजावाले?"

सरांनी आता गाडी बंद केली. माणूस वाईट नव्हता. रोज कुरखेड्याहून ये-जा करायचे, पोरांवर कधी हात उगारला नव्हता. गेल्या वर्षी शाळेचा निकाल सगळ्यांत खाली गेला, तेव्हा तालुक्याच्या बैठकीत वरच्या साहेबांनी त्यांना उभं करून सगळ्यांसमोर झापलं होतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"बाई, तिले धड वाचता येत नाई अजून," ते आवाज उतरवून म्हणाले. "ती आली तं निकाल खाली जाते. नाई आली तं ती मोजल्या जात नाई. जूनमध्ये पाहतो ना मी तिचं काहीतरी."

रीताला इतका राग आला की हातातली मोहाची फुलं चुरगळून गेली. मागे वळून पाहिलं तर दिव्यानी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

रीताने तिचं तोंड धुतलं, गणवेश चढवला आणि हाताला धरून ती निघाली. दिव्यानीच्या बोटांना सकाळच्या मोहाचा चिकटा तसाच होता. त्या पोहोचेपर्यंत सर शाळेच्या दारात येऊन, आडवा हात लावून उभे राहिले होते. आत दुसऱ्या गावाहून आलेल्या मॅडम पेपर वाटत होत्या.

"बाई, तुमीच तं म्हणत होत्या परीक्षा नको."

"आताबी नकोच हाय. पन घेऊन राह्यले ना, तं सगळ्यायची घ्या."

"नापास होईन ती. मग तिचे बाबा ऐकतीन का?"

रीता थबकली. नवरा संध्याकाळी कामावरून येईल तेव्हा त्याला काय सांगायचं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, पोरीला घेऊन मुकाट्याने घरी जावं. मग तिने दिव्यानीला सरांच्या हाताखालून आत सरकवलं.

मॅडमनी काही न विचारता पेपर दिला. दिव्यानीने तो उलटा केला, सुलटा केला. वर्गातली बाकीची सहा मुलं खाली मान घालून भराभर लिहीत होती. तिने रडवेल्या तोंडाने खिडकीकडे पाहिलं. तिथे गजांना धरून रीता उभी होती.

"आई, मले काई येत नाई."

"आपलं नाव येते ना लिहाले?"

"हो."

"आनि शाळेचं?"

"थेबी येते."

"मंग तेवढंच लिही. पुरं लिही, गावासकट. बाकी कोरं राहू दे. कोन्या शाळेचं हाय, थे पाह्यतीन वरचे साहेब."

सर दारातून हलले नाहीत. मॅडम घड्याळाकडे पाहू लागल्या.

दिव्यानी कागदावर वाकली. तिने आधी शाळेचं नाव लिहिलं.