चतुःसीमा

वकिलाच्या ऑफिसात खरेदीखताची नवी फाईल कॉम्प्युटरवर उघडली की वैजयंतीची बोटं आपोआप चालायची. घेणार तात्याबा, राहणार सांगोला. देणाऱ्याचं नाव विरुपाक्ष आलं तेव्हाही तिला काही वाटलं नाही. सोलापुरात विरुपाक्ष ढिगानं. भवानी पेठेतला घर नंबर टाकताना मात्र बोट अडलं. रोज संध्याकाळी ती ज्या दाराचं कुलूप उघडायची, त्याच दारावरचा हा नंबर. घरमालकानं घर विकायला काढलंय, हे तिला असं कळत होतं.

शहरातली निम्मी घरं हिच्या बोटांखालून गेली, आणि ही बाई अजून भाड्यानं राहते. वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं. सकाळपासून फाईली उपसून ते संपलं होतं.

एजंट इंद्रजीत जुनं खत वाचून दाखवत होता. चारी बाजूंचे शेजारी जुन्या खतातून जसेच्या तसे उतरवायचे, ही ऑफिसची रीत. उत्तरेस दगडाबाईचं घर. दगडाबाई जाऊन कैक वर्षं झाली, तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे; पण कागदावर तिचा शेजार अजून सुटला नव्हता. वैजयंतीनं तिला मुकाट्यानं टाइप केलं.

पुढचा रकाना आला. घरात भाडेकरू आहे का?

"नाही टाका. रिकामं आहे," इंद्रजीत म्हणाला.

तिनं पलीकडच्या टेबलावर बसलेल्या वकीलसाहेबांकडे पाहिलं. ती कुठं राहते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. इथं तोंड उघडायचं म्हणजे घराबरोबर नोकरीही घालवायची. तिनं 'नाही' भरलं आणि सेव्ह केलं. आपल्याच हातानं आपल्याला घराबाहेर काढलं, आणि या वेळी बोट जरासुद्धा अडलं नाही, याचंच तिला रडू येत होतं.

तात्याबा इतका वेळ समोरच्या बाकावर पटका मांडीवर घेऊन बसला होता. त्याची लेक त्या घरात राहून कॉलेज करणार होती. पाणी कसं येतं, एवढंच त्यानं विचारलं. रोज येतं, असं इंद्रजीतनं ठोकून दिलं.

"पाचव्या दिवशी येतं," वैजयंती म्हणाली. "पहाटे. मोटर लावली नाही तर थेंब पडत नाही."

"तुमाला कसं ठावं, ताई?"

"मीच भरते."

इंद्रजीत जुन्या खताची घडी घालू लागला. तात्याबानं आधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवलेला माणूस तो; उठवलं जाणं म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागलं नाही.

"ते न्हाय लिवलंय, तेवढं खोडा की," तो म्हणाला.

"एकदा सेव्ह झालं की खोडायला साहेबांचा पासवर्ड लागतो," वैजयंती म्हणाली.

दोघांनी पलीकडच्या टेबलाकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं होतं; तरी ते उठले नाहीत, चष्माच पुसत राहिले.