पुसलेला पिक्चर

"आपला पिक्चर दिसंना गेलाय रे आदी. जरा बघ बरं."

व्यंकटकाकांनी रिमोट पुढे केला. दिवाळीच्या पाडव्याची जेवणं नुकतीच उरकली होती. सिंधुकाकू पदराला हात पुसत आतून आल्या आणि नेहमीसारख्या टीव्हीच्या अगदी जवळ, खाली फरशीवर बसल्या.

आदिनाथ लोडाला टेकून हसला. सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

"दिसंल कसा, काका? पुसून टाकला मी. अख्खा पेनड्राइव्ह रिकामा केला अन् गच्च भरून नवे पिक्चर आणलेत. एकापेक्षा एक. हसून हसून पोट दुखतंय बघा आज."

काकांचा रिमोट धरलेला हात तसाच पुढे राहिला.

आदिनाथ लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. काकांचा एकुलता एक मुलगा हरिओम मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हापासून आदिनाथने एकही दिवाळी उमरीला काकांकडे आल्याशिवाय काढली नव्हती. सणासुदीला चुलता-चुलती एकटी पडू नयेत, ही त्याची कळकळ खरी होती. पण इथं आलं की एक शिक्षा त्याला दरवर्षी भोगावी लागे. तो पिक्चर.

कोणत्या थेटरात लागला आणि कधी उतरला, कोणालाच ठाऊक नसलेला पिक्चर. धर्माबादकडच्या एका गावात शूटिंग झालेलं. हिरोला धड बोलता येत नव्हतं आणि व्हिलनची मिशी एका बाजूनं सुटलेली दिसायची. काकांनी तो नांदेडच्या एका मोबाइलच्या दुकानातून पेनड्राइव्हमध्ये भरून आणला होता. सुट्टीत दुपारचं जेवण झालं की तोच. त्यात जत्रा आली की काका थांबवायचे, मागं न्यायचे, पुन्हा लावायचे. "आपल्याकडची जत्रा हाय ना," एवढंच म्हणायचे. लातूरला गेल्यावर आदिनाथ स्टाफरूममध्ये या सगळ्याची नक्कल करून दाखवी. रिमोट धरलेले काका, टीव्हीला नाक लावून बसलेल्या काकू. सगळे खो-खो हसत.

"बरं केलंस," काका म्हणाले. "लाव मग तुझा."

आदिनाथने एक विनोदी पिक्चर लावला. काका हसण्याच्या जागी हसत होते, पण आधी आदिनाथकडे बघून मग. काकू पडद्याकडे बघत होत्या; हसत नव्हत्या. थोड्या वेळाने त्या उठल्या.

"चहा ठेवते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बराच वेळ झाला तरी चहा आला नाही, तसा आदिनाथ उठून आत गेला. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. भांड्यात पाणी होतं, साखरही पडली होती. गॅस पेटवलेला नव्हता.

"काकू, आवडला नाही का? दुसरा लावतो की."

"तसं न्हाई रे बाबा. चांगला हाय." त्यांनी साखरेचा डबा बंद केला. मग ओट्याकडेच बघत म्हणाल्या, "त्या जत्रेत आमचा हरी होता."

आदिनाथला आधी नीट कळलंच नाही.

"शूटिंग बघायला गेलतो आम्ही. लोक कमी पडले म्हणून त्याला फेटा बांधून पार मागं गर्दीत उभा केला. मी दोरीच्या अलीकडं होते. मला राहवलं न्हाई, मी हाक मारली. तसा त्यानं वळून बघितलं, हसला. लई शिव्या खाल्ल्या पोरानं त्यापायी. पण ते तसंच राहिलं पिक्चरमधी. चालता-बोलता हरी तेवढाच होता आमच्यापाशी."



"मला... मला का नाही सांगितलं, काकू?"

"सांगणार होते. पण पहिल्याच दिवाळीला तू त्या पिक्चरला इतका हसलास, की मलाच लाज वाटली."

तो बाहेर धावला. लॅपटॉप उघडला. नावावरून शोधलं, गावावरून शोधलं. तो पिक्चर कुठंच नव्हता. काकांकडून नंबर घेऊन नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. त्याच्याकडचा जुना कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. "नुसता पुसला असता तर काढूनबी दिला असता, सर," तो म्हणाला. "पण वरून गच्च भरलंय म्हणता. आता खालचं निघत न्हाई."

आदिनाथ फोन हातात धरून बसून राहिला. काका जवळ आले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सोड आता. तुला काय माहीत होतं? तू चांगल्यासाठीच केलंस."

त्यांनी दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हाताखाली आदिनाथची मान वर होईना. टीव्हीवर त्याने आणलेला पिक्चर चालूच होता. कोणीतरी चिखलात पडलं होतं आणि माणसं हसत होती. त्याने घाईने तो बंद केला.

काकू चहाचे कप घेऊन आल्या. एक त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. काहीतरी बोललंच पाहिजे म्हणून आदिनाथ बोलला.

"काकू, मी हरीचे सगळे फोटो मोठे करून आणतो. चांगल्या फ्रेममध्ये. भिंतभर लावू."

"फोटो हायत की रे बाबा," काकू अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पण फोटोतलं पोरगं हाक मारली की वळून बघत न्हाई."