मध्येच थांबत नाही

कॅनडात, सस्कॅचेवानमधल्या आपल्या फुललेल्या कनोलाच्या, म्हणजे तेलबियांच्या, पिकावर ओरेस्टने फवारणीचा ड्रोन सोडला आणि वारा फिरला. औषधाचा फवारा बांधापलीकडे, शेजारच्या डोरीनच्या मधमाश्यांच्या पेट्यांकडे सरकू लागला. ती तशीच धावत आली.

"थांबव तो आधी! चाळीस पेट्या मरतील माझ्या!"

"सकाळीच सगळा मार्ग भरून ठेवलाय, बाई," मांडीवरच्या रिमोटकडे ढुंकूनही न बघता ओरेस्ट म्हणाला. "आता देवाचा बाप आला तरी तो मध्येच थांबायचा नाही. माश्यांना सांग, आज घरात बसा म्हणावं."

ओरेस्टची चार दिवसांपूर्वी घेतलेली लाल पिकअप मागेच उभी होती आणि गावात सगळ्यांच्याच गाडीत असते तशी किल्ली आतच होती. डोरीनने काचा वर केल्या, चाकोरीतून गाडी दामटली आणि थेट ड्रोनच्या वाटेत नेऊन उभी केली.

ओरेस्टने झडप घालून रिमोटचं बटण दाबलं. फवारा तुटला, ड्रोन हवेत जागच्या जागी थबकला.

डोरीनने काच खाली केली. "आला वाटतं देवाचा बाप!"