दुपारी दोनचा बिघाड

ती गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, म्हणून मी तिचा म्युझिक प्लेअर लावून बसतो. पण दोनच्या ठोक्याला तो आपोआप बंद पडायचा. वायफायचा डबा बदलला, वायर बदलली, तरी तेच. शेवटी मुलीला बोलावलं. तिने मोबाइलवर सेटिंग उघडलं आणि हसायलाच लागली.

"बिघाड कसला, बाबा! आईने टायमर लावलाय. दोन ते चार गाणी बंद. नाव काय दिलंय बघा, 'ह्यांची झोप'. घोरायचात ना तुम्ही!"

मी चष्मा लावून ते नाव वाचलं. तिचं हसू थांबलं.

"काढून टाकू?"

"नको, असू दे."

झोप काही येत नाही. पण दोन वाजले की मी आडवा होतो.