लांबच्या रस्त्याची गाडी

"हँडल अजून थोडं वर घ्या, मुकेशभाऊ," वेदश्री म्हणाली.

मुकेशने पाना हातातच ठेवून तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचे हात ताणतील."

"असू द्या. खराब रस्त्यावर उभं राहूनच चालवा लागते ना?"

ते खरं होतं. मुकेशने हँडलखाली आणखी एक चकती बसवली. सेलूत नागपूर रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. डांबर आणि दगडमाती दोन्हीवर चालेल अशी ही उंच गाडी तिथे पहिल्यांदाच आली होती. वेदश्री वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायची. दिवाळीत गाडी घेतली आणि आता मे महिन्यात ती थेट हिमाचलातल्या स्पितीला न्यायची होती.

"एकट्यानंच जाणं आहे?" त्याने विचारलं.

"हो. एकट्यानंच."

"हात बसला गाडीवर?"

"रोज पहाटे बोर धरणापर्यंत फेरी होते. बसला आता."

"अन् घरचे हो म्हणाले?"

वेदश्री हसली. "बोलून बोलून घसा बसला माझा, तवा कुठं तयार केलं. फक्त लवकर द्या. परीक्षा लागल्या की मले सवड नाई."

मुकेश झपाटून कामाला लागला. ऑइल बदललं, चेन नवी घातली, टायर खडबडीत नक्षीचे बसवले, इंजिनाखाली जाड पत्रा लावला. दगड उडाला तरी काही होऊ नये. इतक्या लांबच्या प्रवासासाठी त्याने कधी गाडी तयार केली नव्हती. घरी जेवतानाही तो बायकोला घाटांबद्दल सांगत राहायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी महादेवराव आले. वेदश्रीचे वडील. वर्धा डेपोच्या चौकशी खिडकीत बसून जन्मभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितलेले. पूर्वी त्यांच्याकडे मोटारसायकल होती. बायको गेली तशी त्यांनी ती विकून टाकली. गेल्या काही वर्षांत घर आणि वाचनालय यापलीकडे ते गावात कुणाला दिसले नव्हते.

ते बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग हळूच म्हणाले, "मुकेश, हे काम लांबवता येईन का रे?"

"काऊन काका?"

"सामान नाई आलं म्हणून सांगजो. लांबचा रस्ता आहे. घाटाचा. काई झालं तर?" थोडं थांबून ते म्हणाले, "अन् मी आलतो हे वेदश्रीले सांगजो नोको."

मुकेशला नाही म्हणवलं नाही. वडीलधारं माणूस होतं. संध्याकाळी त्याने वेदश्रीला फोन करून सांगितलं की ब्रेकचे पॅड अजून आले नाहीत.

"मुकेशभाऊ, यंदा नाई झालं तर कधीच नाई होणार. मले माहीत आहे," एवढंच ती म्हणाली.

मुकेशला त्या रात्री जेवण गेलं नाही.

महादेवराव मात्र येतच राहिले. क्लचची वायर कुठून निघते, चेन कशी उतरवतात, प्लग कुठे असतो, सगळं बारकाईने विचारायचे. मुकेश तुटक उत्तरं द्यायचा. कशासाठी हवंय हे सगळं, हे त्याला उमगू लागलं होतं. गॅरेज सोडताना तो आता गाडीला साखळी घालू लागला.

एकदा चहा पिऊन तो परतला, तर महादेवराव मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात पाना. चाकाचा नट अर्धा सैल झालेला.

"ट्यूब कशी काढतात ते पाहून राह्यलो," ते गडबडून म्हणाले.

मुकेशने शांतपणे त्यांच्या हातातला पाना घेतला. समोर स्टूल ओढून तो बसला.

"काका, भेव सगळ्यालेच वाटते. पण आता अडवू नका. जाऊ द्या."

महादेवरावांचा चेहरा उतरला. "तुले कसं समजलं?"

"तोंडावर दिसते तुमच्या."

"तिथं आपलं कोणी नाई, मुकेश. गाडी बंद पडली, पाय घसरला, तब्येत बिघडली..."

"गाडी मी तयार केली. ती दगा नाई देणार. अन् घरात बसून कोणाचं भलं झालं? यंदा अडवलं त मन मरून जाईन काका. गाडीही उभी राहीन अन् माणूसही."

महादेवरावांनी तो सैल नट बोटांनी चाचपला. रस्त्यावरून एक एसटी धूळ उडवत गेली.

"माणूसही," ते पुटपुटले. मग त्यांनी हात पुढे केला. "दे तो पाना. मीच सैल केला, मीच कसतो. किती कसायचा ते सांग फक्त."

त्यांनी नट कसला. मुकेशने तपासला. चांगला घट्ट बसला होता. जाताना त्यांनी मुकेशच्या खांद्यावर हात ठेवला. मुकेशने लगेच वेदश्रीला फोन लावला. "मॅडम, पॅड आले. उद्या सकाळी गाडी घेऊन जा."

सकाळी बापलेक दोघं आले. म्हातारा निरोप द्यायला आला हे पाहून मुकेशला बरं वाटलं. आपल्या बोलण्याने एका पोरीची वाट मोकळी झाली, असं त्याला वाटत होतं. त्याने सामानाच्या पेट्या दोन्ही बाजूंना अडकवल्या, गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि किल्ली वेदश्रीच्या हातात दिली.

वेदश्रीने ती किल्ली महादेवरावांच्या तळहातावर ठेवली.

"हळू चालवजा, बाबा," ती म्हणाली, "अन् रोज मुक्कामाले पोचले की मले फोन करजा."