निळ्या रंगाखालचं पेडल

गिटार वाजवून गाणाऱ्या वॉरिकच्या अंत्यविधीला त्याच्या बहिणीने, नोलीनने, केल्विनला विचारलं होतं, "त्याचं ते गिटारचं फझ पेडल तुझ्याकडे तर नाही ना रे?" केल्विन नाही म्हणाला आणि घरी येऊन त्याने पेडलला निळा रंग फासला.

आज दुपारी जीलाँगच्या पबमध्ये केल्विन गिटार घेऊन स्टेजवर उभा राहिला, तेव्हा नोलीन पुढच्याच टेबलापाशी बसली होती. त्याने मान खाली घालून पायाने ते पेडल दाबलं. गिटारचा साधा सूर फाटून मधमाश्यांचं पोळं उठावं तसा घुमला. लोक खूश झाले.

त्या खरखरीमधून वॉरिक खाकरला, गाण्याआधी खाकरायचा तसाच.

केल्विनने गिटारची वायर उपटली. गिटार गप्प झाली. खरखर चालूच राहिली.

"नोली, घरी ने मला," पेडलमधून वॉरिकचा आवाज आला.

नोलीनने ग्लास खाली ठेवला.

"केल्विन," ती हळूच म्हणाली, "पाय काढ त्याच्या अंगावरून."