पहिल्या फेरीआधी

"आई, थांबा. तो दिवा आधी विझवा."

प्रियाचा आवाज चढला होता. ओवाळणीचं ताट घेऊन निघालेली तिची सासू, पुतळा, नव्या हायड्रोजन बसपासून वीस पावलांवर थबकली. डेपोतली माणसं वळून बघू लागली.

घणसोलीत हा डेपो उभा आहे, तिथं पूर्वी पुतळाच्या घरचं भातशेत होतं. म्हणून इथल्या प्रत्येक नव्या बसला पहिली ओवाळणी तिची, हे ठरलेलं. डिझेलच्या गाड्या तिनं ओवाळल्या, बॅटरीच्याही ओवाळल्या. आज तिला सख्ख्या सुनेनं चारचौघांत अडवलं होतं.

प्रिया डेपोची तंत्रज्ञ. बाळंतपणाच्या रजेनंतरचा तिचा दुसराच आठवडा. छतावरच्या टाक्यांतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्यातून वीज होते, बॅटरीही तिला हात देते, नि चाकं फिरतात. मागून धूर नाही, नुसतं पाणी. लेकीला मऊ भात भरवता भरवता तिनं हे सासूला दहादा सांगितलं होतं. या वायूला वास नसतो आणि ठिणगीही त्याला पेटायला पुरते, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

आता तिच्या हातातलं गळती तपासायचं यंत्र वायू लागल्याचा इशारा देत टिकटिक करत होतं.

देवाचा दिवा फुंकून विझवत नाहीत. पुतळानं वात चिमटीत दाबली, ताट खाली ठेवलं नि मान खाली घालून बाजूला झाली.

"सुनेनं म्हातारीची पार शोभा केली," मागं कुणीतरी पुटपुटलं.

डेपोचे व्यवस्थापक सुधीर घड्याळ बघत आले. वाशीला उद्घाटनाचे पाहुणे खोळंबले होते. "मला तर कसलाच वास येत नाहीये. मशीन बिघडलंय तुमचं."

"वास येणारच नाही, सर. वर चढून टाक्यांचे जोड तपासते. अर्धा तास द्या."

"अर्धा तास? रजेत कामाची सवय मोडली वाटतं, मॅडम. द्या तो तपासणीचा कागद, तुमच्या जागी सही मी करतो."

त्यांनी सही केली. "केयूर, घे गाडी बाहेर."

ड्रायव्हर केयूरनं एकदा प्रियाकडे पाहिलं, मान वळवली नि गाडीत चढला. प्रिया शिडीला धरून उभी होती. एकटीच.

तेवढ्यात पुतळा चालत बसच्या तोंडाशी आली. लुगडं सावरलं, आणि जमिनीच्या मोर्च्यांत बसायची तशी भुईवर फतकल मारून बसली.

सुधीर धावलेच. "मावशी, उठा ना. सुनेवरचा राग गाडीवर कशाला काढता? दुपारी परत ओवाळा हवं तर."

"राग कसला?" पुतळानं शिडीकडं बघत हात हलवला. "तू चढ गो वर, पोरी. माजे सुनेची सही झाल्याबिगर ही गाडी हलनार नाय."